दहा सेकंदांचा जोर

माझ्या सासूबाईंचं अर्धं आयुष्य वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या मिठागरात गेलं. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून त्यांनी तीन मुलं वाढवली. मिठाबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नाही. अशा बाईने एका रविवारी दुपारी, रोह्याजवळच्या वरशात, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, मिठाला शिव्या घातल्या.

“ह्या मिठाला आईबाप हाय का नाय? चार चमचे टाकलं, तरी बिरडं आळणीच!”

मी बाहेरच्या खोलीत अकरावीचे पेपर तपासत होते. मी रोह्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कुठल्याशा उत्तरात मुलाने हृदयाला पाच कप्पे पाडले होते आणि मी त्या पाचव्या कप्प्याचं काय करायचं या विचारात होते, म्हणून पहिल्यांदा मी नुसतं “हं” म्हटलं. मग ‘चार चमचे’ हे शब्द डोक्यात शिरले. पेन टाकून मी आत धावले.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. हातात बरणी होती, पांढऱ्या झाकणाची. मिठाची बरणी निळ्या झाकणाची. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि त्या ऑपरेशनसाठीच त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना झाकणाचा रंग कुठून दिसणार?

“आई, ते मीठ नाही!”

“ते मला कळलंय गो. मग हाय काय?”

हा प्रश्न अवघड होता. कारण बरणीत काय आहे हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

बरणीत क्रिएटिन होतं. जिममध्ये दंड फुगवणारी मुलं पाण्यात घालून पितात ती पांढरी, बेचव पावडर. मी ती मोबाइलवरून मागवली होती. पाकीट उघडताना फाटलं म्हणून बरणीत ओतून ठेवली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, दोन जिने चढल्यावर भिंतीला टेकणाऱ्या जीवशास्त्राच्या मॅडमनी ती का मागवली, याचं कारण गडबला होतं. गडब माझं माहेर, आणि कारण माझी वहिनी.

पेणचं एक महिला मंडळ दर जानेवारीत बायकांच्या खेळांच्या स्पर्धा भरवतं. आसपासच्या गावांतली मंडळं येतात. आदल्या वर्षी आमच्या वरशाच्या कॉलनीनेही रस्सीखेचीला नाव दिलं होतं. आमच्यासमोर उभी राहिली गडबची टीम, आणि त्यांच्या दोराच्या पहिल्या टोकाला माझी वहिनी. मोठ्या भावाची बायको. पावसाळाभर चिखलात वाकून भात लावणारी, पाऊणशे किलोचं पोतं एकटीने सरकवणारी. शिट्टी वाजली. मी एक ते पाच मोजले असतील नसतील, आम्ही आठही जणी पालथ्या पडलो होतो. वहिनी मला उठवायला आली, माझ्या ड्रेसवरची माती झटकली आणि अगदी अदबीने म्हणाली, “वन्सं, लागलं नाय ना तुमाला?”

त्या ‘तुमाला’ने मला जास्त लागलं. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा मी बारावीत होते. ती दहावीनंतर शाळा सोडून आलेली. पहिल्या दिवसापासून ती मला ‘तुमी’ म्हणाली, ते मी शिकून नोकरीला लागल्यावर अधिकच घट्ट झालं. माझ्यासमोर बसली की पदर सारखा करायची, मोजकं बोलायची, चहा जरा जास्तच गोड करायची. मला वाटायचं, एकदा तरी हिने माझ्याशी कडाकडा भांडावं.

तर, हरल्यावर मी वर्षभर मनाशी घोकत होते. मी शिकवते काय? पेशी ऊर्जा कशी साठवते, हेच ना? स्नायूत तयार ऊर्जा असते ती जेमतेम एक-दोन सेकंदांची. ती संपली की क्रिएटिन फॉस्फेट नावाचा दुसरा साठा हात पुढे करतो, आणि संपलेली ऊर्जा डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा भरून देतो. पण तोही साठा पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंदांचा. त्यानंतर स्नायूला साखर जाळत बसावं लागतं, आणि ते काम सावकाशीचं. रस्सीखेच म्हणजे या दहा सेकंदांचा खेळ. फळ्यावर हे सगळं काढणारी बाई पाच सेकंदांत पालथी पडते? म्हणून मी टीमची कॅप्टन झाले, आणि म्हणून ती बरणी.

हे सगळं सासूबाईंना एका दमात सांगता येईना. मी म्हटलं, “ताकदीची पावडर आहे, आई.”

सासूबाईंनी बिरड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “फेकून द्यायचं का नाय मग हे आता?”

मी पाकिटावरची बारीक अक्षरं दोनदा वाचली. तिघांच्या बिरड्यात चार चमचे म्हणजे जिमवाला पोरगा सुरुवातीच्या दिवसांत एकटा घेतो तेवढंच. विष नव्हतं. वाल सोलायला त्यांनी अख्खी सकाळ घातली होती, त्यात ओलं खोबरं होतं, आमसूल होतं. मी निळ्या झाकणातलं मीठ घातलं आणि वाढलं. माझे यजमान कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जायचे होते, ते दोन वाट्या बिरडं खाऊन गेले. जाताना म्हणाले, “आज आईच्या हाताला काही वेगळीच चव आहे.” संध्याकाळी कंपनीतून त्यांचा फोन आला की पोट जरा गुरगुरतंय. मी म्हटलं, वाल बाधले असतील.

उरलेलं बिरडं सासूबाईंनी सोमवारी सकाळी भाकरीबरोबर संपवलं. अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नियम. मला ते कळलं तेव्हा आम्ही पेणला जायला निघालो होतो, कारण ऑपरेशनआधीच्या रक्ताच्या तपासण्या सोमवारीच होत्या.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून भुवया चढवल्या. “साखर छान आहे. प्रेशर छान आहे. पण हे क्रिएटिनिन थोडं वर दिसतंय. किडनीचा काही त्रास?”

“मला कसला तरास?” सासूबाई म्हणाल्या. “मी अजून खाडीत उतरीन.”

“मटण, मासळी जास्त झालंय का दोन दिवसांत?”

सासूबाई नाही म्हणाल्या. मी मात्र खुर्चीत आक्रसत चालले होते. क्रिएटिन शिजवलं की त्यातल्या थोड्याचं क्रिएटिनिन होतं. आंबट पदार्थात तर लवकर होतं. आमसूल घातलेलं बिरडं मंद आचेवर अर्धा तास रटरटलं होतं. मी प्रयोगशाळेत याहून चांगली परिस्थिती तयार करू शकले नसते. शेवटी मी सगळं सांगितलं. बरणी, झाकण, वाल, आमसूल.

डॉक्टर आधी गंभीर होते. वाल आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. आमसुलापाशी त्यांनी टेबलावर डोकं टेकलं.

“मॅडम,” डोळे पुसत ते म्हणाले, “पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे कारण पहिल्यांदा ऐकतोय. दहा दिवस थांबू. साधं जेवण द्या, पुन्हा तपासू, मग डोळा करू. आणि ती बरणी कपाटात, कुलपात.”

येताना सहा आसनी मिनिडोर रिक्षात सासूबाई बाहेर तोंड करून बसल्या. मला वाटलं रागावल्या. नागोठणं मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “ती पावडर अंगात जाऊन करते काय पण?”

मी विचार केला, यांना कसं सांगू? मग वरशाच्या पाण्याचं आठवलं. “आई, आपल्याकडे नळ कधी येतो?”

“सकाळी. सावकाश, करंगळीएवढा.”

“तहान लागली तर नळाची वाट बघता?”

“कशाला? तांब्या असतो ना भरलेला.”

“तांब्या संपला की?”

“हंड्यातनं भरायचा.”

“तसंच. तांब्या म्हणजे हाताशी असलेली ताकद, लगेच संपते. हंडा म्हणजे हे क्रिएटिन. तांब्या रिकामा झाला की क्षणात भरून देतो. पण हंडाही संपतोच. मग थांबायचं. नळ आपला सावकाश हंडा भरतो. दोन-तीन मिनिटं विसावा घेतला की हंडा पुन्हा बऱ्यापैकी भरतो.”

“आणि पावडरनं हंडा मोठा होतो?”

“थोडासा. तेही रोज घेतली तर, तीन-चार आठवड्यांनी.”

“स्पर्धा कधी हाय?”

“पुढच्या रविवारी.”

सासूबाईंनी माझ्याकडे धुरकट डोळ्यांनी बघितलं. “म्हंजे फुकट?”

“फुकटच,” मी म्हटलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मागवताना मी त्याकडे काणाडोळा केला होता.

“आणि हे कशात असतं? नुसतं डब्यातच?”

“मासळीत असतं. मटणात. थोडं आपलं शरीरही बनवतं.”

“मग सरळ बोंबील आणायचं ना गो!” त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

ऑपरेशन पुढे गेलं म्हणून सासूबाई आमच्याकडे राहिल्या, आणि राहिल्या म्हणून प्रॅक्टिसला येऊन बसायला लागल्या. कॉलनीच्या मागे मोकळा प्लॉट आहे, तिथे आम्ही संध्याकाळी दोर ओढायचो. समोरच्या बाजूला आंब्याचं झाड. झाडाला दोर बांधून आठ जणी ओढायचो. स्टॉपवॉच माझ्या गळ्यात. दहा सेकंद पूर्ण जोर, मग तीन मिनिटं विश्रांती. पुन्हा दहा सेकंद.

आमच्या टीमचं शेवटचं टोक धरायच्या शिवणकाम करणाऱ्या काकी. अंगाने भक्कम, स्वभावाने त्याहून भक्कम, आणि वर्षानुवर्षं मशीनच्या खडखडाटात बसल्यामुळे कानाने जरा कमी. त्यांना माझं वेळापत्रक पटलंच नाही.

“मॅडम, ओढायचं कमी आणि बसायचं जास्त. ही प्रॅक्टिस हाय का भिशी?”

“काकी, स्नायूंना साठा भरायला वेळ द्यावा लागतो.”

“कसला काढा?”

“साठा! साठा!”

“काढा घेऊन येते उद्या,” काकी म्हणाल्या, आणि खरंच दुसऱ्या दिवशी आलं-गवती चहाचा काढा थर्मासमधून घेऊन आल्या. तेव्हापासून तीन मिनिटांची विश्रांती कोणाला जास्त वाटेनाशी झाली. मलाही स्टॉपवॉच बघायची आठवण राहीनाशी झाली.

सासूबाई खुर्चीत बसून ऐकायच्या. दिसत अंधुक होतं. पण तिसऱ्या दिवशी त्या उठल्या, काठी टेकत आल्या आणि माझ्या पोटरीवर काठीचं टोक ठेवलं.

“बोटांवर उभी हायस तू.”

“मग?”

“झाड थोडंच हलणार हाय, म्हणून समजत नाय तुला. समोर माणूस असला की फरफटत जाशील. टाच रोव. गुडघा ताठ. कंबर मोडू नको, सगळं अंग मागं टाक. दोराला लटक.”

“लटकू?”

“उघाडीची फळी कशी उचलायचो आमी?” उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं किंवा अडवायचं दार. त्याची जड लाकडी फळी भरतीच्या आत दोराने वर ओढावी लागे. “चार बाया. फळी भिजून दगड झालेली. हातानं ओढली तर हातच तुटतील. आमी आपलं वजन द्यायचो आणि ऱ्हायचो तशाच. पाण्याचा रेटा जरा कमी झाला की मग एकदम, सगळ्या, एकाच वेळी.”

मी तिथेच दोर सोडून उभी राहिले. हाडांवर आणि वजनावर भार टाकला तर स्नायूंचा साठा कमी खर्च होतो. समोरचे पहिल्या दहा सेकंदांत सगळा जोर उधळतील. त्यांचा हंडा रिकामा होईपर्यंत आम्ही नुसतं लटकायचं. मग बारा आकडे मोजून एकदम ओढायचं! मला एवढा आनंद झाला की मी सासूबाईंना मिठीच मारली.

“घामेजली हायस, दूर हो,” त्या म्हणाल्या, पण खुर्चीत परत बसल्यावर बराच वेळ हसत होत्या.

ठरलं. मी मनात बारापर्यंत मोजणार, आणि “ओढा!” म्हणून ओरडणार. काकींना ऐकू येणार नाही म्हणून त्यांना सांगून ठेवलं, “मी काहीही ओरडले, की ओढायचं.”

रविवारी आम्ही दोन मिनिडोर करून पेणला पोहोचलो. सासूबाई पुढच्या सीटवर. शाळेच्या मैदानावर मांडव, लाउडस्पीकर, भेळेची गाडी. पंच म्हणून एक निवृत्त पी. टी. सर होते, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर करारी भाव. चिठ्ठ्या टाकल्या आणि पुन्हा आमच्यासमोर गडबच. तीनपैकी दोन डाव जिंकेल ती टीम फायनलला.

वहिनी दोराच्या पलीकडे उभी राहिली. पदर खोचलेला, केसांना रुमाल. मला बघून हसली. “वन्सं, बऱ्या हाव ना? सांभाळून हां.”

“तू सांभाळ, वहिनी.”

शिट्टी झाली. गडबने हिसका मारला तो असा, की माझे खांदे निखळले असं वाटलं. पण आठही जणींनी टाचा रोवल्या होत्या. आम्ही अंग मागे टाकलं आणि लटकलो. दोराच्या मध्यावर बांधलेला लाल रुमाल गडबच्या बाजूला वीतभर सरकला आणि थांबला. वहिनीचा चेहरा लाल. मी मोजत होते. सात, आठ, नऊ. दहाला त्यांचा दोर किंचित सैल लागला. बाराला मी ओरडले, “ओढा!” रुमाल सरसर आमच्याकडे आला. काकींना तर थांबायचंही ऐकू आलं नाही. त्या दोर ओढत मांडवापर्यंत गेल्या.

पहिला डाव आमचा. मी सासूबाईंकडे हात हलवला. त्यांनी भलत्याच बाईकडे बघून हात हलवला.

पण माझी वहिनी बिनडोक नाही. दुसऱ्या डावाआधी मी पाहिलं, ती वाकून आमच्या टाचांनी पाडलेले खड्डे बघत होती. शिट्टी वाजली आणि गडबने हिसका मारलाच नाही. त्याही लटकल्या. इकडे आम्ही आठ लटकलेल्या, तिकडे त्या आठ. रुमाल जागचा हलेना. बारा झाले, वीस झाले, तीस झाले. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, “झोपल्या काय गो?” पी. टी. सर घड्याळ बघायला लागले. चाळिसाला माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. मग लक्षात आलं. हे दहा सेकंदांचं काम राहिलंच नव्हतं. दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईशी मी सावकाशीच्या कामात पडले होते, आणि तिथे माझा नळ करंगळीएवढाही नव्हता. वहिनीने शांतपणे एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. तिने आम्हाला एखाद्या गाडीसारखं ओढत नेलं.

एक-एक. तिसऱ्या डावाला मध्ये एकच मिनिट विश्रांती होती. मला तीन हवी होती. मग जे मी कधी केलं नव्हतं ते केलं. मी बुटाची नाडी सोडून बांधली. दुसऱ्या बुटाची बांधली. मग पी. टी. सरांना म्हटलं, “सर, दोर मध्ये झिजल्यासारखा वाटतोय. बघता का?”

सरांनी दोर बघितला. “नवा आहे.”

“रुमालाची गाठ बरोबर मध्यावर आहे का?”

त्यांनी टेप मागवली. मापलं. मी सगळ्यांना पाणी दिलं. सरांना दिलं. आणखी काय विचारावं म्हणून इकडेतिकडे बघते तर पलीकडे गडबच्या आठही जणी मैदानावर उताण्या पडल्या होत्या. वहिनी तर हाताची उशी करून, डोळे मिटून. मी काढलेला सगळा वेळ तिलाही तेवढाच मिळत होता, हे या शास्त्रज्ञ बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं!

“झालं का हो, मॅडम?” सर म्हणाले.

तिसरा डाव. या वेळी वहिनीने दोन्ही केलं. आधी जोराचा हिसका, मग लटकली, मग पुन्हा हिसका. ती ओरडली, “सोड गो दोर! सोड!”

‘सोड गो.’ मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी आकडे विसरले. आठ होते का नऊ? वाटलं, गेले आकडे खड्ड्यात, आत्ताच ओढावं. ओरडायला तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. कोणता शब्द ठरला होता? रात्रभर पेपर तपासल्यावर वर्गात शिरावं आणि डोळ्यांसमोर पांढरं दिसावं, तसं झालं. जिभेवर होतं ते, वीस वर्षं रोज सकाळी म्हणते ते, आपोआप बाहेर आलं.

“वह्या काढा!”

 माझ्या सहा जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. पलीकडे वहिनीने “काय?” म्हटलं आणि तिला हसू फुटलं. साधं नाही. तोंड उघडून, डोळे मिटून, पोट धरावंसं वाटणारं, फक्त हात दोरावर अडकलेले. ते हसू तिच्यामागच्या बाईला लागलं, तिच्याकडून पुढच्या बाईला. आणि काकी, ज्यांना शब्द कळला नव्हता पण मी काहीतरी ओरडले एवढं कळलं होतं, त्यांनी सगळं अंग मागे झोकलं. हसणाऱ्या माणसाच्या हातात पकड राहत नाही. गडबच्या आठही जणी एकमेकींवर कोसळल्या, रुमाल आमच्याकडे आला आणि आम्हीही मागे काकींवर पडलो.

“हा रडीचा डाव हाय!” वहिनी जमिनीवरूनच ओरडत होती. “पंच, हिनं मुद्दाम हसवलं! लाज वाटत नाय गो तुला, मास्तरीण झालीस ती?”

“मी मुद्दाम नाही केलं! मला शब्दच आठवला नाही!”

“खोटारडी!”

“मग तू कशाला हसलीस?”

आम्ही दोघी मातीत बसून, चाळिशी ओलांडलेल्या, सगळ्या मैदानासमोर भांडत होतो. पी. टी. सरांनी थोडा विचार केला. नियमात ओढताना काय ओरडायचं याबद्दल काही लिहिलेलं नाही, असं त्यांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं आणि आम्हाला विजयी केलं.

फायनल पाच मिनिटांनी झाली. समोर पेणच्याच पापड लाटणाऱ्या बायकांची टीम, कोपरापासून मनगटापर्यंत लोखंड. त्यांनी मघाशीच आपला सामना सरळ दोन डावांत संपवला होता आणि तेव्हापासून त्या सावलीत बसून होत्या. आमचे हात तर दोराला लागताच थरथरायला लागले. पहिला डाव सहा सेकंदांत गेला. दुसरा चारात. बक्षीस म्हणून आम्हाला प्रत्येकी एक किलो पातळ पोहे मिळाले, आणि काकींना सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्टीलचा डबा. पुकारलेलं ऐकू न आल्यामुळे काकी मांडवात जाऊन आपल्याला नेमकं काय मिळालं ते विचारून आल्या.

सासूबाईंची दुसरी तपासणी अगदी व्यवस्थित आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून “काय बेत होता परवा?” एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात एक डोळा झाला, महिन्याने दुसरा.

फेब्रुवारीत मी गडबला गेले तर वहिनी मागच्या अंगणात लाकडं फोडत होती. मला बघून तिने कुऱ्हाड खाली ठेवली नाही. “बस तिथं ओट्यावर,” म्हणाली. आठ-दहा घाव घातले, थांबली, कमरेवर हात ठेवून जरा उभी राहिली, मग पुन्हा घातले. माझी नजर बघून तिने विचारलं, “काय बघतेस?”

मी तिला तांब्या आणि हंडा सांगितला. तिने मध्ये एकदाही ‘व्हय वन्सं’ म्हटलं नाही. दोनदा अडवलं. एकदा म्हणाली, “हे चुकीचं सांगतेस. थांबल्यावर पण पहिल्यासारखा जोर येत नाय, चौथ्या-पाचव्या वेळेला कमीच येतो.” ते बरोबर होतं. दर वेळी हंडा काठोकाठ भरतोच असं नाही, आणि बाकीही बरंच काही थकत असतं. माझ्या वर्गात हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मग ती ओट्यावर येऊन बसली. “आणि डोक्याचं काय? संध्याकाळी मी पोरीची गणितं घेऊन बसते. चार गणितं झाली की पाचव्याला डोकं चालतच नाय. तिथंपण हंडा हाय?”

“आहे. मेंदूतल्या पेशींतही हेच असतं. मेंदू ते स्वतः बनवतो.”

“मग तोपण दहा सेकंदांत संपतो?”

 स्नायूचं मी झोपेत सांगू शकते. मेंदूचं इतकं सरळ नाही. तो कधी पूर्ण जोर लावत नाही आणि कधी पूर्ण विसावाही घेत नाही. झोपेतसुद्धा त्याचं काम चालूच असतं, आणि रक्ताने सतत पुरवठा केला नाही तर तो थोड्याच वेळात हार मानतो. पण पाचव्या गणिताला जे होतं ते साठा संपल्यामुळे, की कंटाळ्याने, की दिवसभर शेतात राबल्याने, हे मला खात्रीने सांगता येईना.

“मला माहीत नाही, वहिनी,” मी म्हटलं. “वाचून सांगते.”

“वाच,” ती म्हणाली. “आणि फोनवर नको. इथं ये नि सांग. फोनवर तू लय भराभर बोलतेस.”

मी पुढच्या रविवारी गेले. वहिनी स्वतःची दहावीची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन बसली होती.